स्टाफ नर्सच्या मुलाखतीत ‘रोज मन कसं लागतं?’ असं विचारलं तर

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून पहिल्या मुलाखतीला निघालेली मुलं-मुली तयारी करतात ती विषयाची. सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देताना) 30 दाब आणि 2 श्वास, इन्सुलिन टोचायच्या जागा, रक्त चढवताना पहिली 15 मिनिटं पेशंटपाशी थांबायचं, हे सगळं तोंडपाठ असतं. मग मेट्रन, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुख, फाइल मिटतात आणि विचारतात, “नाईटला वॉर्ड भरलेला, मदतीला एक मावशी, त्यात दोन पेशंट सिरीयस. अशा कामात रोज मन कसं लागतं तुमचं?” इथे चांगली तयारी केलेली मुलगीसुद्धा “मला लहानपणापासून सेवेची आवड आहे” एवढं बोलून गप्प होते.

हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. मी तो उमेदवार म्हणून ऐकला आहे आणि आता वॉर्डची इनचार्ज म्हणून मेट्रनच्या शेजारी बसून त्याची उत्तरंही ऐकते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे: या प्रश्नाचं चांगलं उत्तर तुमच्या शिफ्टमध्ये असतं. थकल्यावर, कंटाळल्यावर, वाईट वाटल्यावर तुम्ही नेमकं काय करता, ते सांगायचं.

शासकीय अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्सची) सरळसेवा भरती आता लेखी परीक्षेवर होते. त्यामुळे हा प्रश्न भेटतो तो मुख्यतः खाजगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत, थेट मुलाखतीने भरल्या जाणाऱ्या कंत्राटी जागांवर आणि परदेशी नोकरीच्या मुलाखतीत.

1. प्रश्न वेश बदलून येतो, तो ओळखा

“तुम्ही मोटिव्हेटेड कसे राहता?” असं सरळ फार थोडे जण विचारतात. बहुतेक वेळा प्रश्न असे येतात:

- नर्सिंगच का निवडलंत?
- दोन वर्षं एकाच वॉर्डात होतात, कंटाळा नाही आला?
- पेशंट गेला की पुढच्या बेडपाशी कशा जाता?
- स्टाफ कमी असतो आमच्याकडे, डबल ड्युटी पडली तर?
- आधीची नोकरी का सोडलीत?
- पाच वर्षांनी कुठे असाल?

हे सगळे एकाच घरचे प्रश्न आहेत. प्रत्येकासाठी वेगळं उत्तर पाठ करू नका. एक खरी तयारी केली की सगळीकडे तीच उपयोगी पडते.

2. समोरच्यांना काय जाणून घ्यायचं असतं

त्यांना दोन काळज्या असतात. पहिली साधी आहे: ही मुलगी तीन महिन्यांत सोडून जाईल का? नवीन नर्सला वॉर्ड शिकवायला वेळ जातो, आणि ती गेली की तिच्या वाटच्या नाईट उरलेल्यांवर येतात.

दुसरी काळजी जास्त गंभीर आहे. थकलेली नर्स चुकू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. वॉर्डात दुसरी खूण सगळ्यांत आधी दिसते. “बेड नंबर बाराची बेल ना, ती वाजतच असते” असं कोणी म्हणालं की समजायचं. आणि एखाद्या रात्री त्याच बाराला खरंच श्वास लागलेला असतो.

म्हणून मुलाखत घेणारे तुमच्या बोलण्यात एवढंच शोधतात की ही व्यक्ती दमली तरी बेलला उठेल का, औषध देण्याआधी नाव आणि डोस पुन्हा बघेल का, आणि जमेनासं झालं तर वेळेवर सांगेल का. उत्साहाने चमकणारे डोळे त्यांना नको असतात. पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांचेच चमकतात.

दमूनही काम चालू ठेवण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 च्या निकालात या सेवेचं कौतुक केलं आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही याची दखल घेतली. पहिल्या फळीतल्या सिस्टर निवृत्त झाल्या, नंतर आलेल्या कित्येकींनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं. तरी कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं चालूच राहिलं. ज्या प्रत्येक शिफ्टने हे केलं ती प्रत्येक शिफ्ट आनंदी असेल असं कोणी म्हणणार नाही. काम मात्र झालं. उमेद म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

3. तोंड उघडण्याआधी वही भरा

मुलाखतीच्या निदान आठवडाभर आधी एक वही घ्या आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. मराठीतच लिहा. सुंदर वाक्यं नकोत, घडलेलं लिहा.

- कोणत्या पेशंटमध्ये झालेली सुधारणा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली? पहिल्या दिवशी काय होतं, निघताना काय होतं?
- कोणता दिवस इतका वाईट होता की घरी जाऊन जेवण गेलं नाही? दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्यावर आधी काय केलंत?
- कोणाकडून काम शिकलात? नेमकं काय शिकलात?
- नाईटच्या आधी आणि नंतर तुमची झोप, जेवण, घरचं काम कसं बसवता?
- कोणतं काम तुम्हाला मनापासून आवडत नाही? तरी ते नीट व्हावं म्हणून काय करता?

फ्रेशर म्हणतात, आमच्याकडे अनुभवच नाही. हे खरं नाही. तुमच्या क्लिनिकल पोस्टिंग, केस स्टडी, नर्सिंग केअर प्लॅन, कम्युनिटी पोस्टिंग आणि इंटर्नशिप कुठे गेल्या? लॉगबुक काढा आणि एकेक पान उलटा. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकते याचा तक्ता) भरत बसलेली दुपार, एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दीड किलोच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवून कांगारू केअर दिली ते दिवस, ऑर्थो वॉर्डात प्लास्टर असलेल्या आजोबांना वॉकर धरून पहिली चार पावलं चालवलं तो क्षण. हाच तुमचा अनुभव आहे. विद्यार्थिनी म्हणून तुमच्या वाट्याला सुट्टं काम जास्त आलं असेल, पण पेशंटपाशी थांबायला वेळही जास्त मिळाला असेल. त्याचा उपयोग करा.

4. कशासाठी आलात आणि कशासाठी टिकलात

बऱ्याच जणी इथे घाबरतात. खरं असं असतं की बारावीला मार्क बेताचे आले, मावशी किंवा शेजारची ताई नर्स होती, लवकर नोकरी लागते म्हणून घरच्यांनी घातलं. हे सांगितलं तर आपण हलके ठरू असं वाटतं, आणि मग आजीला आजारपणात पाहून नर्स व्हायचं ठरवलं अशी गोष्ट रचली जाते. तीच आजी एकाच दिवशी चार उमेदवारांच्या तोंडून ऐकू येते. मुलाखत घेणाऱ्यांनी एकच उपप्रश्न विचारला की गोष्ट ढासळते.

पोटासाठी नर्सिंगला येण्यात काही कमीपणा नाही. आले कशासाठी हे एका वाक्यात सांगा आणि टिकले कशासाठी यावर वेळ द्या. असं:

“खरं सांगायचं तर मी नर्सिंगला आले ती लवकर नोकरी मिळावी म्हणून, घरची परिस्थिती तशी होती. पहिल्या वर्षी सोडावंसंही वाटलं. दुसऱ्या वर्षी मेडिकल वॉर्डला पोस्टिंग लागली आणि तिथे मला कळलं की पेशंट बिघडतोय हे कधी कधी नर्सला सगळ्यांत आधी दिसतं. श्वासाचा वेग वाढलेला मी मोजला, सिस्टरना सांगितलं, डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. आपल्या मोजण्याने फरक पडतो हे तेव्हा पाहिलं. तेव्हापासून चार्ट भरणं मला कारकुनी वाटलं नाही.”

तुमची गोष्ट वेगळी असेल. तुम्हाला खरोखर लहानपणापासून नर्स व्हायचं असेल तर तसंच सांगा, फक्त पुढे वॉर्डातला एखादा प्रसंग जोडा. पगाराचा उल्लेख आला तरी चालतो. “घर चालवायला पगार लागतो, आणि काम असं हवं की ज्याची लाज वाटणार नाही” हे वाक्य एका मुलीच्या तोंडून ऐकलं तेव्हा आमच्या मेट्रननी मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं.

5. उत्तर कसं बांधायचं

क्रम असा ठेवा: अवघड काय असतं ते कबूल करा, तेव्हा तुम्ही काय करता ते सांगा, एक प्रसंग द्या, त्यातून काय निघालं ते सांगून थांबा. एक ते दीड मिनिटात संपवा. त्यापुढे ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं.

अनुभवी नर्सचं एक उत्तर:

“नाईटला पहाटे तीन ते पाच मला सगळ्यांत जड जातं. त्या वेळी मी बसून राहत नाही. तीनला एक फेरी ठरलेली असते: सलाईनचा वेग, कॅन्युलाची जागा, युरिन बॅग, आणि ज्यांची कूस बदलायची ते पेशंट. आमच्याकडे पॅरालिसिसच्या एक आजी घरूनच बेडसोर घेऊन आल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, याची पाटी आम्ही बेडला लावली आणि प्रत्येक शिफ्टने सही करायची ठरवलं. ड्रेसिंग करताना जखमेत लाल, ताजं मांस दिसायला लागलं तेव्हा सगळ्या शिफ्टना बरं वाटलं. रोज असं काही दिसत नाही. पण पाटीवर सही करायची असते म्हणून उठावं लागतं, आणि उठलं की काम होतं.”

यात ‘सेवा’, ‘समर्पण’ असा एकही शब्द नाही. तरी ही मुलगी पहाटे उठेल याची खात्री पटते. बेडसोरविषयी बोलताना ब्रेडन स्केलचा (बेडसोरचा धोका गुणांत मोजायच्या तक्त्याचा) उल्लेख जमला तर करा, पण तो खरंच भरला असेल तरच. गुण कमी तर धोका जास्त की उलटं, एवढं विचारलं तरी पंचाईत होते. (गुण कमी म्हणजे धोका जास्त.)

उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी किंवा गावपातळीवरच्या कंत्राटी जागेसाठी उत्तराचा रंग वेगळा हवा. तिथे पेशंट बरा होऊन हात जोडून घरी जात नाही. तिथलं यश म्हणजे काही वाईट न घडणं, आणि ते कोणाला दिसत नाही. अशा कामात मन कसं टिकतं याचं उत्तर यादीत असतं. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला या महिन्यात कोण आलं नाही, कोणाच्या घरी जाऊन आलो, कोण पुन्हा सुरू झालं. प्रसूतीनंतर आशाताई ज्या घरभेटी करतात, रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, त्यांची माहिती तुम्हाला हवी. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध करून दाखवली, तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशाच्या कार्यक्रमात आली. आपल्याच राज्यातलं हे काम माहीत असलेला उमेदवार वेगळा दिसतो. नाव फेकण्यासाठी मात्र वापरू नका. “आमच्या पोस्टिंगच्या गावात सातव्या दिवशीच्या भेटीत बाळ नीट दूध ओढत नाही हे आशाताईंनी ओळखलं होतं” असं काही तुमच्याकडे असेल तर तेच सांगा.

6. अवघड उपप्रश्न

*पेशंट गेल्यावर काय करता?* इथे दोन टोकं टाळा. “मी प्रोफेशनल आहे, मला काही वाटत नाही” हे ऐकायला भीतीदायक आहे. “मी दोन दिवस रडत होते” हेही समोरच्याला काळजीत टाकतं. प्रत्यक्षात आपण काय करतो ते सांगा. पडदा ओढतो, नळ्या काढतो, चेहरा पुसतो, नातेवाइकांना जवळ येऊ देतो, कागद पूर्ण करतो, हात धुतो आणि पुढच्या बेडपाशी जातो. ड्युटी संपल्यावर बरोबरच्या सिस्टरशी बोलतो. मृतदेहाची शेवटची काळजी घेणं हेही नर्सिंग आहे आणि ते नीट केल्याने स्वतःचंही मन थोडं शांत होतं, हे तुम्हाला जाणवलं असेल तर जरूर बोला. विद्यार्थिनी असताना मृत्यू पाहिला नसेल तर तसं सरळ सांगा आणि पहिल्या वेळी सीनियरला सोबत राहायला सांगेन असं म्हणा. हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे.

*स्टाफ कमी आहे, जमेल?* लगेच “हो, काहीही जमेल” म्हणू नका. आधी कोणाला बघायचं हे तुम्ही कसं ठरवता ते सांगा: ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून वॉर्डचा ताबा) घेतानाच सिरीयस पेशंट वेगळे काढते, वेळेची औषधं आधी, मावशींना कोणतं काम देता येईल ते ठरवते, आणि एका क्षणी सुरक्षित नाही असं वाटलं तर इनचार्जला किंवा नाईट सुपरवायझरला फोन करते. हा शेवटचा भाग गाळू नका. मदत मागणारी नर्स मला वॉर्डात हवी असते. एकटीने ओढत नेऊन सकाळी चूक हातात देणारी नको असते.

*नातेवाईक अंगावर आले तर?* डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयांवरच्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, हे माहीत असू द्या. उत्तराची सुरुवात मात्र कायद्याने करू नका. बहुतेक आरडाओरडा कोणी काही सांगत नाही म्हणून होतो. “बाजूला घेऊन बसवते, पेशंटची आत्ताची स्थिती मला सांगता येईल तेवढी सांगते, डॉक्टर किती वाजता भेटतील ते सांगते, आणि आवाज वाढलाच तर सिक्युरिटीला बोलावते” असा क्रम ठेवा.

*लग्न झाल्यावर नोकरी कराल का?* हा प्रश्न चुकीचा आहे. ब्रदर्सना (पुरुष नर्सना) तो विचारला जात नाही. तरी तो येतो, म्हणून तयार राहा. घरचे बेत सांगायला तुम्ही बांधील नाही. “नोंदणीपर्यंत पोचायला मी मेहनत केली आहे, मला काम करायचं आहे. नाईट आणि रोटेशनबद्दल विचारत असाल तर माझी तयारी आहे.” एवढं शांतपणे बोला आणि थांबा.

*परदेशी जाणार का?* जायचं असेल तर खोटं बोलू नका, “इथे निदान दोन वर्षं पक्का अनुभव घ्यायचा आहे” असं सांगता येतं. आणि मुलाखतच परदेशाची असेल तर त्या देशाची रीत बघून जा. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) 2012 पासून परिचारिकांसाठी सहा मूल्यं सांगितली जातात: काळजी, करुणा, कौशल्य, संवाद, धैर्य आणि बांधिलकी. तिथे प्रश्न “असा एक प्रसंग सांगा, ज्यात तुम्ही...” अशा सुरात येतात, त्यामुळे वहीतले प्रसंग थेट कामी येतात.

7. सापळे

सगळ्यांत मोठा सापळा जुन्या रुग्णालयाची निंदा. तिथे खरंच अन्याय झाला असेल, पगार थकला असेल, तरी “शिकायला वाव कमी होता, मला आयसीयूचं काम शिकायचं आहे” इथपर्यंतच थांबा. तुम्ही खोटं बोलत नाही, फक्त भांडण इथे आणत नाही.

दुसरा सापळा अनेकांच्या लक्षातच येत नाही. प्रसंग सांगताना पेशंटचं नाव, गाव, आडनाव, आजार असं सगळं बोलून जातात. एचआयव्ही, गर्भपात, विषप्राशन अशा केसमध्ये तर अजिबात नको. “एक पन्नाशीचे पेशंट” एवढं पुरे. पेशंटची गुप्तता पाळता की नाही हे समोरचे याच क्षणी तपासतात, विचारत काहीच नाहीत.

“मला ताण येतच नाही” म्हणू नका. “माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करते” हेही नको. मोबाइलवर मिळणारी तयार इंग्रजी उत्तरं पाठ करू नका. एका दिवशी तेच उत्तर शब्दाला शब्द तिसऱ्यांदा ऐकलं की आम्ही पेन खाली ठेवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि दिवा, हे 12 मे च्या, परिचारिका दिनाच्या भाषणात ठीक आहे.

8. भाषा आणि सराव

पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मुलाखत इंग्रजीत सुरू होते, म्हणून मुली मराठीत विचार करणंच सोडून देतात आणि दोन वाक्यांत अडकतात. उलट करा. आधी मराठीत प्रसंग पक्का करा. मग तोच छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत सांगून बघा. एका वाक्यात एक गोष्ट. अडलात तर “मराठीत सांगू का?” असं विचारायला हरकत नाही, आपल्याकडे पेशंट मराठी बोलतात आणि मेट्रनला हे माहीत असतं. हिंदीत दोन वाक्यं नीट बोलता येणंही उपयोगाचं असतं.

सराव मैत्रिणीसमोर करा. आरशासमोर केलेल्या सरावात उपप्रश्न येत नाहीत. मैत्रिणीला सांगा, प्रत्येक उत्तरानंतर “म्हणजे नक्की काय केलंस?” एवढंच विचार.

9. खरोखरच मन उडालं असेल तर

काही जण नोकरी बदलतात ती थकून. झोप लागत नाही, ड्युटीचं नाव काढलं की छातीत धडधड होते, पेशंटवर चिडचिड होते. अशा वेळी उत्तर घासूनपुसून चकचकीत करण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर दोन नोकऱ्यांच्या मध्ये सुट्टी घ्या. विभाग बदलून बघा: आयसीयूत जळून गेलेली नर्स डायलिसिसला किंवा ओपीडीला छान रमलेली मी पाहिली आहे. डायलिसिसला तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, ओळख होते, घरच्या गप्पा होतात. बोलायला कोणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाखतीत एवढंच सांगा: “क्रिटिकल केअर बराच काळ केलं, आता स्थिर पेशंटसोबत दीर्घकाळ काम करायचं आहे.”

10. सोबत काय न्यायचं

- दहावी, बारावी आणि नर्सिंगच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका
- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तारीख आजच बघून ठेवा
- दुसऱ्या राज्यात शिकला असाल तर इथल्या नोंदणीचे कागद
- अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या काही पगारपावत्या
- बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्टचं) प्रमाणपत्र (दोन वर्षं चालतं)
- हिपॅटायटिस बीच्या लसीच्या नोंदी
- आधार, पॅन, फोटो. शासकीय कंत्राटी जागेसाठी अधिवास आणि लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र
- सगळ्याच्या स्वतः सही केलेल्या प्रतींचे दोन संच
- लॉगबुक, फ्रेशर असाल तर

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विशेष लक्ष द्या. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि नोंदणीवर तिसरंच, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत हवीच. चांगली मुलाखत देऊन या एका कागदावर अडकलेल्या मुली दर भरतीत दिसतात.

मूळ प्रमाणपत्रं दाखवा आणि परत घ्या. बाँडच्या नावाखाली ती ठेवून घेणारी ठिकाणं आहेत. पुढे नोकरी सोडायची झाली की त्या कागदांसाठी खेटे घालावे लागतात. बाँड असेल तर किती महिन्यांचा, मोडला तर किती रक्कम, हे लेखी वाचल्याशिवाय सही करू नका.

11. शेवटी तुम्हीही विचारा

“तुम्हाला काही विचारायचं आहे?” असं म्हणतील. “नाही” म्हणू नका. उमेद टिकवणं ही एकट्या नर्सची जबाबदारी नाही, वॉर्ड कसा चालवला जातो यावर ती निम्म्याहून जास्त अवलंबून असते. विचारा: नाईटला एका नर्सकडे किती पेशंट असतात? महिन्यात किती नाईट, आणि त्यानंतर ऑफ मिळतो का? नवीन नर्ससोबत सीनियर किती दिवस असते? सुई टोचली गेली तर रात्रीसुद्धा पीईपी (संसर्ग टाळायचं औषध) मिळते का? एचआयव्हीसाठी ते औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हावं लागतं, त्यामुळे “सकाळी बघू” हे उत्तर चालणार नाही.

उत्तरं कोणत्या शब्दांत येतात ते नीट ऐका. आकडा सांगतात की “ॲडजस्ट होतं” म्हणतात? आकडा मिळाला नाही तर जागेवर होकार देऊ नका, एक दिवस मागून घ्या. निघताना दुपारी दोनच्या सुमाराला, सकाळची शिफ्ट सुटते तेव्हा, गेटपाशी थोडं थांबा आणि बाहेर पडणाऱ्या एखाद्या सिस्टरला हेच प्रश्न विचारा. नवीन येणाऱ्या मुलीला सिस्टर सहसा खरं सांगतात.